अधिक-उणे गायब, मार्जिन अडकलं

रेडिओथेरपीचं मार्जिन, म्हणजे लक्ष्यभागाभोवती धरायची जादा जागा, आपल्याच रुग्णांच्या आकड्यांवरून काढायचं असेल, तर शिफ्टचा, म्हणजे रुग्णाची जागा सुधारायला टेबल किती सरकवलं याचा, डेटा अधिक-उणे चिन्हांसकट मागा, आणि लेखी मागा. बाकी सगळं नंतर.

मी रत्नागिरी जिल्ह्यात मेडिकल फिजिसिस्ट आहे. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण लांजा-राजापूरहून एसटीने शेक घ्यायला येतात. लक्ष्यभागाभोवती सगळीकडे ५ मिलिमीटर जादा धरायचे, अशी आमची जुनी रीत. कमी धरलं तर कडेला डोस पोचत नाही. जास्त धरलं तर लाळग्रंथी जातात, तोंड कोरडं पडतं, भाकरी गिळवत नाही. म्हणून मला आमचा स्वतःचा आकडा हवा होता.

सूत्र मार्सेल व्हॅन हर्क यांचं, २००० सालचं. सिस्टेमॅटिक चूक म्हणजे एखाद्या रुग्णात रोज त्याच बाजूला होणारी, रँडम म्हणजे दिवसागणिक बदलणारी. सिस्टेमॅटिक चुकीच्या प्रमाण विचलनाची (आकडे किती विखुरले याच्या मापाची) २.५ पट, अधिक रँडम चुकीच्या प्रमाण विचलनाची ०.७ पट. एवढं धरलं की ९० टक्के रुग्णांत लक्ष्यभागाला ठरलेल्या डोसच्या किमान ९५ टक्के डोस मिळतो. गणित एका संध्याकाळचं.

अडलं ते मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागात. सीबीसीटीनंतर, म्हणजे उपचाराच्या टेबलावरच जागा तपासायला काढलेल्या स्कॅननंतर, टेबल किती सरकवलं, याचा त्यांनी पाठवलेला तक्ता बिनचिन्हांचा होता. तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘आकडे बरोबर आहेत.’ पुन्हा अर्ज, पुन्हा विभागप्रमुखांची सही, पुन्हा तोच तक्ता! शेवटी पत्रात उदाहरण लिहिलं: एक रुग्ण रोज ४ मिलिमीटर डावीकडे, दुसरा रोज ४ उजवीकडे. चिन्हं काढली की दोघांची सरासरी ४, म्हणजे दोघांत फरकच नाही, सिस्टेमॅटिक चूक शून्य! अशा तक्त्यावरून काढलेलं मार्जिन तोकडं पडणार, आणि ते भोगणार रुग्ण. त्यावरही ‘पुढच्या आठवड्यात बघू’. आमच्या मॅडम स्वतः जाऊन बसल्या, तेव्हा कुठे मूळ फाइल मिळाली. तो राग अजून गेलेला नाही.

त्या फाइलवरून हिशेब केला, तर डोक्या-पायाच्या दिशेला आमचे ५ पुरत नव्हते; डाव्या-उजव्या बाजूला त्याहून कमीत भागत होतं. तिन्ही दिशांचा हिशेब वेगळा करा. सगळ्या शिफ्टचं मिळून एकच विचलन काढू नका: आधी प्रत्येक रुग्णाची सरासरी, मग त्या सरासऱ्यांचं विचलन, ते सिस्टेमॅटिक. आणि डॉक्टर लक्ष्यभागाची कड आखतात त्यातली तफावतही त्यातच येते, पण वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढून: १.५ आणि २ मिळून २.५ होतात, ३.५ नाही.