तेवीस डॉक्युमेंट्स आणि पिवळ्या ओळी

रविवार, रात्री साडेदहा

माझ्या कामांची नोंद कशात ठेवायची याची महिनाभर चाललेली चाचपणी आज संपवली. टेक्निकल रायटर, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणारी, म्हणून सध्या माझ्याकडे ४ प्रॉडक्ट्स आहेत, त्यांची मिळून २३ डॉक्युमेंट्स. यूजर गाइड, इन्स्टॉलेशन गाइड, एपीआय रेफरन्स (प्रोग्रॅमरांना आमच्या सॉफ्टवेअरशी आपला प्रोग्रॅम जोडता यावा म्हणून), शिवाय दर रिलीजच्या, म्हणजे नव्या आवृत्तीच्या नोट्स. आजवर यातलं निम्मं गूगल शीटमध्ये होतं आणि निम्मं माझ्या डोक्यात. डोक्यातलं निसटलं. अपग्रेडची एक पायरी बदलल्याचं मला तोंडी कळलं होतं, मी ते कुठेच लिहून ठेवलं नाही, आणि जुनीच गाइड ग्राहकाकडे गेली. त्यांच्याकडचा माणूस रात्री सर्व्हरसमोर बसून माझं वाक्य वाचत होता आणि ते वाक्य चुकीचं होतं. हे अजून मनातून जात नाही.

आधी ट्रेलो वापरून पाहिलं, कामांची कार्डं बोर्डावर लावायचं ॲप. एका डॉक्युमेंटला एक कार्ड, आणि ‘लिहायचं’, ‘रिव्ह्यूत’, ‘झालं’ असे रकाने. फार सुटसुटीत वाटलं. मग रिलीज झाली, सगळी कार्डं ‘झालं’मध्ये जाऊन बसली आणि पुढच्या रिलीजला तीच ओढून परत पहिल्या रकान्यात आणावी लागली, मागच्या वेळच्या शेऱ्यांसकट.

हे बोर्ड ज्या कानबान पद्धतीवरून आले, ती टोयोटाच्या कारखान्यातली, तिथले इंजिनिअर ताइइची ओनो यांनी रुजवलेली. तिथे सुटे भाग वापरायला घेतले, की त्यांच्याबरोबरचं कार्ड आणखी भाग आणायला मागच्या विभागाकडे जातं. म्हणजे मुळातलं कार्ड फिरतं राहतं. माझी डॉक्युमेंट्सही अशीच फिरती आहेत. प्रॉडक्ट चालू आहे तोवर गाइड संपत नाही, तिच्यावरचं एकेक काम तेवढं संपतं.

हे नीट उमगल्यावर डॉक्युमेंट आणि त्यावरचं काम, दोन्हींच्या नोंदी वेगळ्या हव्यात हे नक्की झालं. एअरटेबल या तक्त्यांच्या ॲपमध्ये ते छान जमतं. एका तक्त्यात डॉक्युमेंट्स, दुसऱ्यात कामं, आणि नोंदी एकमेकींना जोडायच्या. एका शनिवारी जागून मी ते सगळं मांडलंही होतं. पण माझं लिखाण तपासणारे डेव्हलपर तिथे कशाला येतील? माझा सगळ्यात जास्त वेळ लिहिण्यात जातच नाही, तो रिव्ह्यूची वाट बघण्यात जातो. ज्यांची वाट बघायची, ती माणसं रोज जिथे काम करतात तिथेच माझं काम त्यांना दिसायला हवं.

म्हणून जिरा, डेव्हलपर आपली कामं जिथे नोंदवतात ते सॉफ्टवेअर. मला ते आवडत नाही, साध्या टिकेटलाही, म्हणजे एका कामाच्या नोंदीलाही, भरायला फार रकाने असतात. पण फीचरच्या टिकेटलाच माझं टिकेट जोडता येतं. पायरी बदलणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतं, की यावर एक गाइड अवलंबून आहे. ‘रिव्ह्यूत’ ही स्थिती मोडून मी दोन करून घेतल्या: ‘डेव्हलपरकडे’ आणि ‘माझ्याकडे परत’. नुसतं ‘रिव्ह्यूत’ लिहिलं की काम नेमकं कोणाकडे अडलंय ते कळत नाही, आणि आठवडा निघून जातो.

शीट मी ठेवणार आहे, फक्त डॉक्युमेंट्सची यादी म्हणून. नाव, प्रॉडक्ट, आणि शेवटचं कोणत्या आवृत्तीशी ताडून पाहिलं. हा तिसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुपारी तो भरायला बसले, तर ९ डॉक्युमेंट्सपुढे काय लिहावं ते कळेना. अंदाजाने आकडा टाकायचा नाही असं ठरवलं. त्या ओळी रिकाम्या सोडून पिवळ्या केल्या.

उद्या त्यांतल्या इन्स्टॉलेशन गाइडपासून सुरुवात. टेस्टिंगच्या टीमकडे एक कोरं मशीन मागून ठेवलंय. पहिल्या पायरीपासून सगळं स्वतः करून बघणार आहे.