जास्वंदीवरचा चालणारा कापूस

गणपती तोंडावर आलेत आणि माझ्या गच्चीतल्या जास्वंदीला एक धड फूल नाही, त्या वैतागात हे लिहितेय, आधीच सांगून ठेवते.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात, तिसरा मजला आणि वर गच्ची. सासूबाईंच्या वेळची लाल जास्वंद आहे, जुन्या पिंपात लावलेली, काही लाड केले नाहीत तरी रोज चार-पाच फुलं द्यायची बिचारी. जुलैत शेंड्याला पांढरं पांढरं दिसायला लागलं तर मला वाटलं खाली गादीवाला बसतो त्याचा कापूस उडून चिकटला असेल, म्हणून लक्षच दिलं नाही. आठ-दहा दिवसांत कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या, पानं हाताला चिकट, त्यावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी, आणि खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली, वर-खाली. तेव्हा चष्मा लावून बघितलं आणि तो कापूस चालत होता!

मग काय, यूट्यूब. ताक मारून झालं, चुलीची राख कुठून आणायची म्हणून धुपाची राख मारून झाली, एक रुपयावाला शाम्पू पाण्यात घालून फवारून झाला. शाम्पूने थोडे मेले पण पुढच्या आठवड्यात परत तेवढेच. जुना टूथब्रश घेऊन रोज सकाळी घासायला बसायचे, घरचे म्हणायला लागले झाडाचे दात घासतेस का.

त्यात अण्णा आले, माझे मोठे दीर. करजणकडे आमची थोडी जमीन आहे, काळी, कपाशीची, ती तेच बघतात. चहाचा कप घेऊन गच्चीत गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, हा तर आमचा मिलीबग! हा इथे तिसऱ्या मजल्यावर काय करतोय?" मी म्हटलं अण्णा, तो कपाशीवरचा ना, ही तर जास्वंद. तर म्हणाले, "त्याला काय माहीत कुठली काय. कपाशीचं फूल बघितलंयस ना नीट? दोघी सख्ख्या बहिणी." आणि खरंच की, एकच कूळ, भेंडी आणि अंबाडी पण त्यातलीच. एवढी वर्षं शेतावर जातेय पण कपाशीच्या फुलाकडे जास्वंद म्हणून बघायचं कधी सुचलं नाही.

मराठीत ह्याला पिठ्या ढेकूण म्हणतात, पण बडोद्यात कोण म्हणणार, इथे सगळ्यांचा मिलीबगच. आणि सगळे पिठ्या ढेकूण एक नसतात हं. जास्वंदीवर एक गुलाबी जातीचा पण येतो, तो इथला जुना रहिवासी, त्याने शेंडा पार आखडून गुच्छासारखा होतो. माझ्याकडचा तो नव्हे. ह्याच्या पाठीवर पिठातून दोन काळपट पट्टे दिसतात, मोबाइलने झूम करून फोटो काढला तर अगदी स्पष्ट. हा अमेरिकेतला, फेनाकोकस सोलेनोप्सिस. १८९८ मध्ये न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळात झाडाच्या मुळांवर सापडला आणि त्या मुंगीचं शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस, म्हणून ह्याचं आडनाव मुंगीकडचं. म्हणजे माझ्या खोडावरची ती रांग काही योगायोग नाही. तो रस पितो, मागून गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात राखण करतात, पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवर पण नेऊन ठेवतात. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपेक्षा चोख काम.

अण्णांना ती सालं चांगलीच लक्षात आहेत. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली, झोप उडवणारी बोंडअळीची भीती गेली, सगळे जरा निवांत झाले आणि २००५ च्या आसपास हे पांढरं प्रकरण गुजरातमध्ये पसरलं, तिकडे पाकिस्तानात पण. बीटीचं विष अळीच्या पोटात चालतं, हा सोंड खुपसून रस ओढणारा, त्याला त्या विषाशी काय देणंघेणं. वरून अंगावर मेणाचं पीठ, औषध मारलं तरी ओघळून जातं.

पण मला एक प्रश्न पडला होता तो असा की कपाशी तर हिवाळ्यानंतर उपटतात, मग मधले महिने हा जातो कुठे? अण्णा हसले. "जातो कुठे म्हणजे? बांधावर!" मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, गाजरगवत, पेटारी, आघाडा, गोखरू, मग भाजीच्या वाफ्यातली भेंडी, वांगी, टोमॅटो. मी नंतर वाचलं तर दीडशेहून जास्त झाडांवर ह्याची नोंद आहे. कपाशी हा त्याचा सीझनचा मुक्काम, घर बांधावरच. आणि गंमत बघा, गाजरगवत पण अमेरिकेकडचंच, १९५६ मध्ये पुण्यातून त्याची नोंद झाली. दोघं तिकडचे, आणि गाठ कुठे पडली तर आमच्या करजणच्या बांधावर.

अण्णांचा राग भागियावर, म्हणजे वाट्याने शेत कसणाऱ्यावर. तो कपाशीत पंप घेऊन फिरतो पण बांधाकडे ढुंकून बघत नाही, आणि निंदलेलं गवत नेऊन टाकतो थेट पाण्याच्या पाटाजवळ. गवत सुकलं की पिल्लं उतरून चालायला लागतात, नाहीतर पाण्याबरोबर शेतभर. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, पण घराशेजारी रचून ठेवायच्या जळणाला, त्यात लपलेलेच असतात. मी गप्प ऐकत होते कारण मी छाटलेले शेंडे त्याच पिंपाच्या बाजूला ढीग करून ठेवले होते. अण्णांनी तो ढीग बघितला, काही बोलले नाहीत, फक्त चहा संपवला.

नंतर त्यांनी फांदी वाकवून मला दाखवलं. पांढऱ्या घोळक्यात मध्येच काही तपकिरी, फुगलेले, कडक दाणे, एका-दोघांना टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक. मला वाटायचं हे म्हातारे झालेले असतील म्हणून मी तेच आधी ब्रशने घासायचे, दिसायला जास्त घाण ना. तर ते मेलेले! एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीतली माशी जिवंत मिलीबगच्या अंगात अंडं घालते, अळी आतून त्याला खाते आणि भोक पाडून बाहेर पडते. २००९ मध्ये हिला नाव मिळालं एनासियस बंबावालेई, बंबावाले नावाच्या शास्त्रज्ञांवरून, पुढे अभ्यासात ही आधीच माहीत असलेली जात निघाली आणि जुनं नाव लावलं गेलं. मला वाईट वाटलं, किड्याच्या नावात एक मराठी आडनाव होतं तेवढंच. पण ही माशी आपली आपण आली आणि कपाशीवरचा मिलीबग आटोक्यात यायला तिचा मोठा हात आहे. आणि मी महिनाभर रोज सकाळी तिचीच पिल्लं घासत बसले होते.

आता ब्रश बंद. मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळलीय, जास्त माखलेले शेंडे साबणाच्या पाण्यात बुडवून मगच कचऱ्यात, तपकिरी दाणेवाल्या फांद्यांना हात लावायचा नाही. काल मोजले, भोकवाले अकरा.

गणपतीला फुलं खंडेराव मार्केटमधूनच आणावी लागणार. परवा रंगीत तालीम म्हणून पाच आणली, घरी येऊन देठ उलटे करून बघितले आणि एकाच्या खाली, बरोब्बर कळीच्या बुडाशी, पांढरं ठिपक्याएवढं काहीतरी होतं. ते फूल जिन्यातच ठेवलंय, वर नेलं नाही.