तुम्ही विचारलंत म्हणून : शिकत असताना ब्लॉग का लिहावा?

शिक्षण सुरू असतानाच ब्लॉग लिहायला घेतल्याने काय शिकायला मिळाले, आणि तोच वेळ अभ्यासाला दिला असता तर अधिक बरे झाले नसते का, असे मला विद्यार्थी आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात. आपण जे शिकत आहोत त्याविषयीच लिहिले तर ते लिहिणे हाच अभ्यास असतो, आणि तो परीक्षेच्या तयारीत सहसा न घडणारा अभ्यास असतो, असे माझे ठाम मत आहे.

परीक्षकाला विषय आधीच ठाऊक असतो; अपेक्षित मुद्दे दिसले की मधल्या गाळलेल्या पायऱ्या तो मनातल्या मनात भरून घेतो. अनोळखी वाचकाला ते शक्य नसते. भौतिकशास्त्र शिकत असताना मी भरती-ओहोटीवर लिहायला बसलो, तेव्हा ‘चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते’ हे वाक्य सहज लिहून झाले. पण मग बहुतेक ठिकाणी ती सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने, म्हणजे दिवसातून साधारण दोनदा का येते, आणि चंद्राच्या विरुद्ध बाजूलाही पाणी का चढते, हे कोणीही विचारील असे जाणवल्यावर पुढचे वाक्य सुचेना. उत्तर असे, की भरतीला कारण होतो तो आकर्षणातला फरक. चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा अधिक जोराने ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी जोराने, आणि म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे सूर्याचे पृथ्वीवरील आकर्षण चंद्राच्या सुमारे १८० पट असूनही भरतीवरील त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून कमी भरतो. यातली सूत्रे मला पाठ होती. त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र मला लिहिताना उमगला, आणि तो आनंद मला अजूनही मोलाचा वाटतो.

विषय पुरता कळल्याशिवाय लिहूच नये, असे अनेकांना वाटते; मला ते पटत नाही. टिमोथी गॉवर्स या गणितज्ञाने २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एका ज्ञात प्रमेयाची नवी सिद्धता सर्वांनी मिळून शोधावी असे आवाहन केले. अनेकांनी आपले अर्धवट विचारही तिथे मोकळेपणाने मांडले, काही आठवड्यांत मार्ग सापडला आणि पुढे तो शोधनिबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावाने प्रसिद्ध झाला. जाणकारांना जे चालते ते विद्यार्थ्याने का टाळावे? अट एवढीच, की कळलेले कोणते आणि केवळ अंदाजाचे कोणते, हे त्याने वाक्यावाक्यात वेगळे ठेवावे. भरतीच्या लेखातही प्रत्यक्ष किनाऱ्यांचा आकार आणि समुद्राची खोली यांमुळे चित्र पुष्कळ बदलते, हे सांगणे आवश्यकच होते.

दुसऱ्याच्या श्रमांची नोंद ठेवण्याची सवयही याच काळात लागते. चित्र इंटरनेटवर सापडले म्हणजे ते वापरण्याची मोकळीक मिळाली, असे होत नाही. आपली निर्मिती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत मूळ निर्मात्याचे नाव देणे बंधनकारक असते. ते नाव, परवान्याचा प्रकार आणि मूळ पानाचा दुवा चित्राखालीच लिहावा. मजकुरात पुढे काही बदल केला, तर त्याची तारीखही द्यावी.

वाचकसंख्येकडे सुरुवातीला पाहूच नये, कारण लेख नीट समजला की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते वाचकांच्या प्रश्नांवरून कळते. एखाद्याने लेखातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कसे?’ असे विचारले, तर परीक्षा जवळ आली असली तरी त्याला उत्तर द्यायला वेळ काढावा, कारण तो विचारतो आहे तोच धडा बहुधा आपल्याला अजून पक्का करायचा असतो.