विमानाआधी अक्काकडे चार रात्री

मागच्या खेपेला आम्ही अक्काकडे फक्त पाच तास थांबलो होतो. गाडी दारात उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला. अक्कानं तिघांसाठी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि त्या आम्ही डब्यातून नेल्या. मेलबर्नला पोचल्यावर थोरलीनं विचारलं, "मावशीचं घर आतून कसं होतं?" ते मला फार लागलं. म्हणून यंदा सगळा बेत उलटा केला. मुंबई-पुण्याचे नातेवाईक आधी, खरेदी आधी, आणि शेवटच्या चार रात्री खानापूरजवळच्या त्या कौलारू घरात. मुलं सात आणि चार वर्षांची. अशीच लहान मुलं घेऊन कुणी बेळगाव भागात जाणार असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

आधी जाण्याचं. दादरहून रात्री सुटणारी चालुक्य एक्सप्रेस पुणे-मिरजमार्गे सकाळी बेळगावला सोडते. ती आठवड्यातले काही दिवसच असते, त्यामुळे तारखा तिच्याप्रमाणे ठरवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि संक्रांतीच्या आसपास ते भरून जातं. बेळगावचं विमानतळ सांबऱ्याला, शहरापासून साधारण दहा किलोमीटरवर आहे, तोही पर्याय आहे. पण मुलांना रेल्वेची रात्र आवडते आणि सामानाची कटकट कमी होते, म्हणून माझं मत रेल्वेलाच. बेळगावहून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, बिनधास्त मराठीत विचारा, कुणीही सांगतं.

बस मुद्दाम घेतली, कारण अक्का आम्हाला आणायला स्टँडवर आली होती. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. कंडक्टरनं अक्काचं आधार बघून तिला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. माझ्याकडे इथलं आधार नाही, म्हणून माझं तिकीट पुरं. थोरलीला ते शून्याचं तिकीट इतकं आवडलं की अक्कानं ते तिलाच देऊन टाकलं. आता ते तिच्या वहीत चिकटवलेलं आहे.

अक्काची बोली आमच्या मुलांनी पहिल्यांदाच एवढी सलग ऐकली. इकडच्या बायका "मी येतो, मी करतो" म्हणतात. पहिल्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "थांबा, मी भाकरी घेऊन येतो," तर थोरली हळूच माझ्या कानात, "आई, मावशी मुलासारखं का बोलते?" मी सांगितलं की ही या मातीची भाषा आहे, आजीही असंच बोलायची. तिसऱ्या दिवशी पोर गोठ्याच्या दारातून ओरडली, "मावशी, मी पण येतो!" अक्का दुधाची चरवी खाली ठेवून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

जानेवारीत पहाटे तिथं चांगली थंडी असते. मेलबर्नच्या उन्हाळ्यातून आलेल्या मुलांचे स्वेटर आम्ही जवळजवळ विसरलोच होतो, तुम्ही विसरू नका. प्यायचं पाणी विहिरीचं, ते अक्कानं पहिल्या दिवसापासून उकळून वेगळ्या कळशीत ठेवलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलायला कचरत होते. पण फोनवर आधीच सांगितलं तर यजमानालाही सोपं जातं. पोटाचं औषध, जलसंजीवनीची पाकिटं आणि डासांचं मलम सोबत घ्या. आंघोळीसाठी न्हाणीत चुलीवर तापलेलं पाणी, त्याला धुराचा वास. धाकटा पहिल्या दिवशी नको म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून हंड्याजवळून हलेना.

फिरायचं फारसं ठरवू नका. एका दुपारी मलप्रभेच्या काठी असोग्याच्या रामलिंगाला गेलो, खडकांवर बसून शेंगा खाल्ल्या, परत आलो. येताना खानापुरात मातीची दोन छोटी बोळकी घेतली, मातीच्या भांड्यांसाठी हे जुनं नावाजलेलं गाव. तेवढं पुरे झालं. बाकीचा वेळ मुलं अक्काच्या मागं-मागं होती आणि ती त्यासाठीच आली होती.

पंधरा तारखेला धाकट्याचं बोरन्हाण झालं. पाच वर्षांच्या आतलं मूल, आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान आपण इथं असणं, हे पुन्हा जुळणार नव्हतं. अक्कानं बेळगावच्या गणपत गल्लीतून हलव्याचे दागिने आणून ठेवले होते आणि काळा झबला स्वतः शिवला होता. पाटावर बसवलं तेव्हा धाकटा रडवेला झाला. मग अक्कानं मापटं त्याच्या हातात दिलं, "आधी तू माझ्यावर ओत की." त्यानं चिरमुऱ्यांनी भरलेलं मापटं तिच्या पिकल्या केसांवर रिकामं केलं आणि खदाखदा हसला. त्यानंतर त्याच्या डोक्यावर बोरं, चिरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चॉकलेटं, सगळं ओतलं आणि आळीतली पोरं तुटून पडली. रात्री कपडे बदलताना त्याच्या कॉलरमधून एक बोर निघालं. अगदी लहान मूल असेल तर बोराच्या बिया आणि शेंगदाणे आधीच वेगळे काढा, घशात अडकतात.

आता सामानाचं, कारण परदेशी राहणाऱ्यांचं खरं रडगाणं इथं सुरू होतं. ऑस्ट्रेलियात जाणाऱ्यांनी नीट ऐका. दुधाची मिठाई नेता येत नाही. म्हणजे बेळगावचा कुंदा तिथंच, ताजा, पोटभर खाऊन घ्या. बिया, ताजी फळं, भाज्या न्यायच्या नाहीत. बाकी जे काही खाण्याचं आहे ते विमानात मिळणाऱ्या प्रवासी कार्डावर लिहून सांगायचं. नेलेली वस्तू सांगितली तर फार तर काढून घेतात, लपवली तर दंड होतो. कार्डावर शेतात किंवा गुरांजवळ गेला होतात का हाही प्रश्न असतो. आम्ही 'हो' लिहिलं. मुलांचे बूट अक्काकडेच ब्रशनं घासून, तळव्याच्या खाचांतली माती काडीनं काढून, उन्हात वाळवले होते. अधिकाऱ्यानं बूट आणि बोळकी बघितली आणि सोडलं. मुलांचे पासपोर्ट नवे झाले असतील तर ओसीआयच्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) संकेतस्थळावर नवा पासपोर्ट आणि फोटो चढवायचं निघण्याआधीच उरका.

हे सगळं अक्काला ऐन निघताना सांगायचं नाही. मागच्या वेळी मी तेच केलं होतं आणि तिनं बांधलेली दोन गाठोडी परत सोडताना तिचे हात मला बघवले नाहीत. यंदा महिनाभर आधी फोनवर सांगितलं. ओटीसुद्धा दोन दिवस आधीच भरून घेतली. तांदूळ आणि नारळ विमानातून येणार नव्हतेच. त्याच ओटीच्या तांदळाची तिनं नारळाच्या दुधात गूळ घालून खीर केली आणि शेवटच्या रात्री आम्ही सगळ्यांनी ती एका पंगतीत खाल्ली. खण तेवढा माझ्यासोबत आला.

एक गोष्ट मात्र राहिली. अक्कानं धाकट्याला चिंचोके दिले होते. तो रोज ओसरीवर पालथा पडून ते मांडायचा, मोजायचा, चड्डीच्या खिशात भरून झोपायचा. निघायच्या दुपारी खिसा तपासला आणि मी ते काढून घेतले. बी म्हणजे बी, चिंचोका असला म्हणून काय! तो जोरात रडला. अक्का आतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली, त्याच्यासमोर बसून एकेक चिंचोका मोजून त्यात टाकला. एकेचाळीस भरले. "हे तुझं. मी कुणाला हात लावू देणार नाही. पुढच्या खेपेला मोजून घे." डबा फडताळात देवांच्या खालच्या कप्प्यात गेला. त्यानं स्वतः दार लावलं.

सतराला सकाळी मुंबई, अठराच्या रात्री सिंगापूरमार्गे विमान. मधला तो एक दिवस ठेवाच. गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही, आणि मुलांना निरोप पचवायला वेळ मिळतो. थोरली त्या दिवशी फारशी बोलली नाही. मी तिला तसंच बसू दिलं.

फोनच्या वेळेचंही ठरवून निघा. जानेवारीत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं, एप्रिलमध्ये घड्याळं बदलली की साडेचार. शाळा सुटून मुलं चारला घरी आली की अक्काकडे साडेदहा वाजलेले असतात, दूधदुभतं आटोपलेलं, जेवणाला अवकाश. पहिल्याच फोनवर धाकट्यानं विचारलं, "किती आहेत?" अक्कानं फडताळ उघडलं, डबा फोनच्या तोंडाशी नेला आणि खुळखुळवला.