तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा पहिल्यासारखा होईल का?

"मॅडम, पहिल्यासारखा हुईल न्हवं?"

सांगलीत फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. मुलगा विशीतला, कबड्डीत चढाई करणारा. तो शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. फाइलवर दोन ऑपरेशनं एकत्र लिहिलेली असतात: एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा आतला दोरीसारखा बंध) नवीन बसवलं आणि कूर्चेची दुरुस्ती केली. गेल्या महिन्यात अशाच एका वडिलांना मी दारातच "होईल, होईल" म्हणून वाटेला लावलं. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आज नीट सांगते.

आपल्याकडे गुडघ्यातल्या सगळ्यालाच 'गादी' म्हणतात. पण चंद्रकोरीसारखी चकती म्हणजे मेनिस्कस, ती वेगळी. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत पांढरा थर. मटणाच्या नळीच्या टोकाला जो चकचकीत भाग दिसतो, तोच. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून तो स्वतःहून भरून येत नाही. वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत, म्हणून झिजायला लागला तरी बराच काळ कळत नाही.

इथेच आमची पोरं फसतात. पकडीत पाय अडकतो, 'कट' असा आवाज येतो, गुडघा सुजतो. पंधरा दिवसांत सूज उतरते, मग नीकॅप चढवून पोरगा पुन्हा मॅटवर. लिगामेंट तुटलेला गुडघा वळताना सटकतो आणि दरवेळी कूर्चा नि मेनिस्कस थोडे थोडे चिरडले जातात. दीड वर्ष असं खेळून आलेल्याच्या एमआरआयमध्ये नुसतं लिगामेंट तुटलेलं क्वचितच सापडतं. म्हणूनच कूर्चा दुरुस्त करायची तर गुडघा स्थिर हवा. सटकत्या गुडघ्यात केलेली दुरुस्ती टिकत नाही. दोन्ही ऑपरेशनं एकत्र करतात ती यासाठी.

पण दोन्हींचं फळ सारखं नसतं. लिगामेंटच्या जागी बहुतेकदा स्वतःच्याच मांडीच्या स्नायूची दोरी (टेंडन) घालतात, आणि गुडघा सटकायचा बऱ्याच जणांचा थांबतो. कूर्चेचं तसं नाही. मायक्रोफ्रॅक्चर ही अमेरिकेतल्या डॉ. रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेली पद्धत. त्यात उघड्या पडलेल्या हाडाला बारीक भोकं पाडतात. रक्त येतं, गोठतं, त्यातून नवा थर तयार होतो. तो मूळ कूर्चेसारखा नसतो, जास्त तंतुमय असतो आणि काही वर्षांत झिजू लागतो. डांबरी रस्त्यातला खड्डा मुरमाने भरावा तसं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ साली रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवल्याचे पहिले निकाल छापले. रुग्ण २३. मांडीच्या हाडावर दुरुस्ती झालेल्या १६ पैकी १४ जणांचं चांगलं झालं, पण वाटीमागे झालेल्या ७ पैकी दोघांचंच. कूर्चेचा खराब झालेला चट्टा कुठे आहे यावर किती अवलंबून असतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

मला स्वतःला सर्वात विचारात पाडलं ते नॉर्वे-स्वीडनच्या २०१६ सालच्या अभ्यासाने. लिगामेंट बसवलेले आणि कूर्चा हाडापर्यंत गेलेले ३५७ रुग्ण त्यांनी दोन वर्षांनी प्रश्नावली देऊन तपासले. ज्यांच्या कूर्चेला हातच लावला नव्हता, त्यांच्यापेक्षा मायक्रोफ्रॅक्चर झालेल्यांचे खेळाचे आणि रोजच्या जगण्याच्या समाधानाचे गुण कमी निघाले. कुणाला मायक्रोफ्रॅक्चर करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, म्हणजे दोन्ही गट मुळात सारखे असतीलच असं नाही, त्यामुळे सगळा दोष मायक्रोफ्रॅक्चरला देणं बरोबर नाही. पण "लिगामेंट करतोच आहोत तर भोकंही पाडून घेऊ" इतकी ती सहज गोष्ट नाही, हे मी आता ठामपणे सांगते. ऑपरेशनआधी सर्जनना विचारा: चट्टा केवढा आहे, कुठे आहे, आणि तसाच ठेवला तर काय होईल?

आणि ऑपरेशन झालंच असेल, तर शेजारच्या पोराशी तुलना करू नका. नुसतं लिगामेंट झालेला मुलगा दोन-तीन आठवड्यांत कुबड्या सोडतो. मायक्रोफ्रॅक्चरवाल्याला पायावर भार न देता सहा ते आठ आठवडे काढावे लागतात. तेवढ्यात मांडी सुकते, ती भरून आणायला महिने जातात. याच काळात आई पाय चेपते, वडील गप्प होतात, पोरगं मोबाईलवर मित्रांच्या मॅचेस बघत बसतं. एकाने मला रडत विचारलं होतं, "माझंच चुकीचं झालंय का?" नव्हतं झालं. त्याचा रस्ताच लांबचा होता. मैदानावर नऊ महिन्यांच्या आत मी कुणालाच सोडत नाही, कारण घाईने परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो; कूर्चा दुरुस्त झालेल्यांना तर त्याहून उशीर.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्यासारखा नाही होणार. सटकायचा बहुधा थांबेल, जिना चढता येईल, शेतात जाता येईल, गाडी चालवता येईल. खूप वेळ मांडी घातली किंवा उकिडवं बसलं तर कुरकुरेल. चढाई जमेल का, ते आज मी सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी एका पायावर उड्या मारायला लावून, दोन्ही मांड्यांची ताकद मोजून सांगेन. रडत विचारणारा तो मुलगा आता कोपरा सांभाळतो, चढाईला जात नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्यात थोडं पाणी येतं, मग तो बर्फ लावतो आणि मला फोन करतो.