हाई गाडी कोनी शे?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा म्हणजे आमच्या गॅरेजची सुगी. जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. आखाजीला लेक माहेरी येते, तिला आणायला मुराळी जातो, आणि हल्लीचा मुराळी एसटीने जात नाही. त्यामुळे त्या दिवसांत एसीचा गॅस, कूलंट, पट्टे, टायर, एवढंच काम. बाहेर ४४ अंश असतात. दुपारी पाना हातात धरवत नाही, म्हणून आम्ही हत्यारं ओल्या पोत्याखाली ठेवतो.

त्या सोमवारी चोपड्याकडून दोन गाड्या एकामागे एक आल्या. पुढे २००७ ची इंडिका डिझेल, स्वतः आप्पा चालवत होते. मागे २०२१ ची एमजी हेक्टर, तीही डिझेल, आप्पांचा मुलगा चालवत होता. एका घरातून एका ठिकाणी यायला बापलेकांनी दोन गाड्या काढल्या, तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं.

आप्पा माझं जुनं गिऱ्हाईक. तापीकाठी केळीचा बाग, पंचाहत्तरीच्या आसपासचं वय, कमी बोलणारा माणूस. मुलाने वडिलांच्या गुडघ्यांसाठी म्हणून उंच सीटची गाडी नाशिकहून जुनीच घेतली होती, तीन आठवड्यांपूर्वी. मनुदेवीला नेऊन पूजा केली, आप्पा पुढच्या सीटवर बसून आले, खूशही होते. मग गावातल्या पारावर कोणीतरी मोबाईल पुढे केला आणि म्हणालं, आप्पा, ही तर चीनची गाडी. आप्पांचा भाचा फौजेत आहे, लडाखला. २०२० च्या जूनमध्ये गलवानची बातमी आली तेव्हाही तो तिकडेच होता आणि चार दिवस त्याचा फोन लागला नव्हता. त्या चार दिवसांत त्या घरात चूल कशी पेटली असेल ते मी विचारलं नाही.

पारावरच्या त्या दिवसापासून आप्पा गाडीत बसले नाहीत. लेकीला शहाद्याहून आणायचं होतं, तेही या गाडीतून नाही म्हणाले. गाडी तपासून विक्रीची किंमत काढ, एवढ्यासाठी ते आले होते. आणि उतरताच त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हाई गाडी कोनी शे, तेवढं माले सांग." ही गाडी कोणाची आहे, एवढंच.

मुलगा म्हणाला, ब्रिटिश कंपनी आहे आप्पा, शंभर वर्षं जुनी, जाहिरातीतसुद्धा इंग्रज नट होता. आप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

जुन्या गाड्यांच्या एका एजंटने त्यांना आधीच भाव सांगितला होता, बाजारापेक्षा दोन लाख कमी. कारण काय, तर 'चायना माल'. या जमातीबद्दल मला बोलायचंच नाही, पण बोलतो. हाच माणूस महिनाभरापूर्वी हीच गाडी विकायला बसला असता, तर तिला 'विलायती' म्हणाला असता. गाडीचं कुळ यांच्याकडे विकताना वेगळं असतं आणि घेताना वेगळं.

मी गाडी लिफ्टवर घेतली. आधी रंग मोजला. कंपनीचा रंग मीटरवर साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात येतो. उजवं मागचं दार सोडून सगळीकडे तेवढाच आला, त्या दारावर तिपटीने. म्हणजे पुट्टी, किरकोळ घासलेलं. दाराच्या कडेचं सीलंट बोटाने दाबून बघितलं, मूळचंच होतं. खाली चेसीला कुठे वेल्डिंग नाही. इंजिन गरम करून ऑइलचं झाकण उघडलं, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून खाली निसटणारा दाब, नाही. धूर तर नाहीच, झाकण उलटं ठेवलं तरी हललं नाही. आमच्याकडे एवढ्यावर लोक गाडी पास करतात. मी इंजेक्टरचे करेक्शन आकडे, म्हणजे कोणत्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करावं लागतंय ते, स्कॅनरवर वाचल्याशिवाय करत नाही, आणि इथे माझं डोकं तापतं, कारण आजकाल बऱ्याच कंपन्या बाहेरच्या स्कॅनरला आत शिरूच देत नाहीत. गाडी ज्याने पैसे मोजले त्याची, पण तिच्या मेंदूची किल्ली कंपनीच्या खिशात. या गाडीचे आकडे मिळाले. चारही सिलिंडर सारखे. गाडी उत्तम होती.

शेजारच्या बेमध्ये त्या दिवशी एक टाटा हॅरियर उभी होती, गिऱ्हाईक चहाला गेलं होतं. मी आप्पांना बोलावलं, दोन्ही गाड्यांचे बॉनेट उघडले आणि दोन्ही इंजिनांवरची प्लास्टिकची कव्हरं काढून बाजूला ठेवली. एकावर टाटाचं नाव, दुसऱ्यावर एमजीचा अष्टकोन. कव्हरं निघाल्यावर खाली राहिलं ते एकच इंजिन. वायरिंगचा मार्ग वेगळा, हवेचे पाइप वेगळे वळवलेले, पण ब्लॉक तोच, रेल तीच, पंप त्याच जागी. आप्पांनी चष्मा लावला. मग मी दोन्ही आरसी कार्ड त्यांच्या हातात दिली आणि क्यूबिक कपॅसिटीवर बोट ठेवलं. १९५६. १९५६.

"हे इंजिन मूळ फियाटचं, इटलीचं," मी सांगितलं. "पण बनतं आपल्या रांजणगावला, पुण्याजवळ. टाटा तिथूनच घेतात, हे पण तिथूनच घेतात. गाडी जोडली गुजरातेत, हालोलला. चेसी नंबर बघा, एम पासून सुरू होतो, भारतात बनलेल्या गाड्यांचा तसाच असतो. तुमच्या इंडिकाचाही एम पासूनच आहे."

मला वाटलं, जिंकलो. बावीस वर्षं हात काळे केले त्याचं चीज झालं असं वाटलं. त्या भरात मी पुढे बोलत गेलो. म्हटलं, आप्पा, तुम्ही लावता ती जी-नाईन केळी कुठली? ग्रँड नैन, फ्रेंच नाव, रोप टिश्यू कल्चरचं, बाहेरून आलेली जात. तरी जगात तिला जळगावची केळी म्हणतात, २०१६ मध्ये तसा भौगोलिक मानांकनाचा शिक्कासुद्धा मिळाला. कारण माती इथली, पाणी इथलं, घाम तुमचा. गाडीचंही तसंच.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. हॅरियरच्या इंजिनावरून हात फिरवला, मग हेक्टरच्या. मग म्हणाले, "पन त्या बागना मालक मी शे ना, भाऊ. हाई गाडीना पैसा कोठे जास?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला जीभ वळेना. पैसा शांघायलाही जातो. एमजी हे नाव ज्या एसएआयसीचं, ती तिथली सरकारी मालकीची कंपनी आहे. २०२३ च्या अखेरीस जेएसडब्ल्यूशी करार झाला, ३५ टक्के हिस्सा जिंदालांकडे आला, पण चिनी भागीदार आहेच. मी हे सगळं सांगितलं. लपवलं नाही. पण हळू आवाजात सांगितलं, आणि ते आप्पांच्या लक्षात आलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. मी त्यांना गाडी घडवली कोणी ते दाखवलं. त्यांनी विचारलं होतं मालक कोण. आणि मुलगा सांगत होता तिचा आजा कोण.

आमच्या धंद्यात ही तीन उत्तरं आम्ही सोयीने फिरवतो. काळी-पिवळीत वर्षानुवर्षं माणसं कोंबून धावलेल्या ट्रॅक्सला सगळे पक्की देशी म्हणतात. तिचं इंजिन मर्सिडीजच्या घराण्याचं. १.३ लिटरचं फियाटचं डिझेल स्विफ्टमध्येही आलं आणि इंडिका व्हिस्टातही, आम्ही त्याला नॅशनल इंजिन म्हणायचो, आणि ते स्विफ्टमध्ये जपानी नि व्हिस्टात स्वदेशी समजलं जायचं. अॅम्बेसेडर तर आपल्या लाल दिव्याची गाडी. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, त्याच विल्यम मॉरिसच्या ऑक्सफर्डच्या गॅरेजात सेसिल किंबरने १९२४ च्या सुमाराला सुरू केलेली गाडी. एकाच घरची दोन पोरं. एक उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली आणि भारतीय झाली. तिचं नाव २०१७ मध्ये ८० कोटींना प्यूजोला विकलं गेलं, म्हणजे कागदावर अॅम्बेसेडर हा शब्द फ्रेंच माणसाच्या मालकीचा झाला. म्हणून आमदार निवासासमोर उभी असलेली जुनी अॅम्बेसेडर फ्रेंच झाली का? कोणी म्हणणार नाही. मग मालकीने काय ठरलं?

पण लगेच दुसरी बाजू आठवते. २००८ मध्ये टाटांनी फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली, २.३ अब्ज डॉलर्सना. त्या दिवशी गॅरेजात मी स्वतः पेढे वाटले होते. जॅग्वार मी तेव्हा डोळ्यांनीही पाहिली नव्हती. इंग्रजांची कंपनी आपली झाली, म्हणून वाटले. गाड्या तिकडेच बनणार होत्या, इंग्रज कामगारच बनवणार होते, नाव तेच राहणार होतं. आपलं झालं होतं ते फक्त मालक असणं. आणि तेवढ्यावर माझी छाती भरून आली होती. मग शांघायची मालकी आप्पांना टोचली तर 'मालकीने काही होत नाही' असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? आपण घेतलं की मालकी मोठी आणि दुसऱ्याने घेतलं की घराणं मोठं, हे बरोबर नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली आणि ती सांगताना ते पहिल्यांदा हसले. त्यांची इंडिका. चित्र काढायला टाटांनी इटलीच्या ट्युरिन शहरातल्या आयडिया या डिझाइन कंपनीची मदत घेतली, पण गाडी पुण्यात घडली आणि १९९८ मध्ये सगळ्या देशाने तिला आपली म्हटलं. २००३ मध्ये तीच गाडी, पेट्रोल इंजिनातली, पुण्याहून जहाजाने इंग्लंडला जायला लागली. तिथल्या एमजी रोव्हर कंपनीने तिच्यावर आपला बिल्ला लावला आणि 'सिटीरोव्हर' म्हणून विकली. म्हणजे तुमच्या इंडिकाच्या बहिणी तिकडे इंग्रज म्हणून रस्त्यावर होत्या, आप्पा. २००५ च्या एप्रिलमध्ये ती कंपनी बुडाली. एमजी हे नाव आणि कारखान्याचा बराचसा माल चीनच्या नानजिंग कंपनीने उचलला, ती पुढे एसएआयसीत मिसळली. तेच नाव २०१९ मध्ये हालोलला येऊन हेक्टरवर बसलं. रोव्हर हे नाव मात्र फिरत फिरत जॅग्वार लँड रोव्हरबरोबर टाटांकडे आलं. इंडिकावर परक्याने लावलेला बिल्ला आज इंडिकाच्याच मालकाकडे आहे.

आप्पांनी आपल्या गाडीच्या छतावर थाप मारली. "हाई इंग्लंडले गयथी?" एवढंच म्हणाले.

मालकीचा माझ्या कामाशी संबंध कुठे येतो तेही त्यांना सांगायला हवं होतं, त्या गडबडीत राहिलं. काही वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीने आपल्याकडचा गाशा गुंडाळला. तिच्या एका गाडीचा स्टिअरिंगचा सेन्सर मला अकरा आठवडे मिळाला नाही. पाचोऱ्याच्या शिक्षकाची गाडी होती, कर्ज फिटायचं होतं, आणि गाडी माझ्या भिंतीला लागून उभी. तेव्हा घराणं कामी आलं नाही, इथे जोडली होती तेही कामी आलं नाही. कुठल्या तरी लांबच्या शहरात, कुठल्या तरी बैठकीत मालकाने ठरवलं आणि इथला माणूस अडकला. मालक कोण हे मी गिऱ्हाइकाला आता त्यासाठी सांगतो. आपली की परकी यासाठी नाही, उद्या पार्ट बंद करायचा निर्णय कुणाच्या हातात आहे यासाठी. पण आप्पांच्या प्रश्नाला हेही उत्तर नाही. त्यांना पार्टची काळजी नव्हती. त्यांना भाच्याच्या फोनची ती चार दिवसांची वाट आठवत होती, आणि ते मोजायचं मीटर माझ्या पेटीत नाही.

मी किंमत काढली, वाजवी काढली, एजंटच्या भावापेक्षा पावणेदोन लाख जास्त. मुलाने कागद घडी करून खिशात घातला. तो रडवेला झाला होता. वडिलांसाठी केलं आणि वडिलांनाच लागलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

निघताना आप्पा परत आत आले. म्हणाले, तू जे सांगितलंस ते मला लिहून दे. "लिखी दे." मोबाईलवर फोटो काढून भाच्याला पाठवणार होते. तो म्हणेल तसं करायचं. मी जॉबकार्ड ओढलं. 'कंपनी' असा रकाना असतो, त्यात एका शब्दाची जागा असते. त्यात बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. नाव ऑक्सफर्डचं. इंजिन रांजणगावचं, मूळ इटलीचं. जोडणी हालोलची. मालकी शांघाय आणि जेएसडब्ल्यूची. खाली सही केली, गॅरेजचा शिक्का मारला. आप्पांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडून पैसे विचारले, मी घेतले नाहीत.

आखाजीला लेक इंडिकातून आली. एसी मीच करून दिला होता. मुलाचा मध्ये फोन आला, गाडी विकलेली नाही, आप्पा बसतही नाहीत, शेडमध्ये उभी आहे, हप्ता चालू आहे. भाच्याचा निरोप आला का, विचारलं. म्हणाला, तो सुट्टीवर येतोय दिवाळीत, समोर बसून बोलतो म्हणाला.

मागच्या आठवड्यात आमचा पोऱ्या जुनी जॉबकार्डं कॉम्प्युटरला चढवत होता. हे कार्ड घेऊन आला. शेट, कंपनीच्या जागी काय टाकू, एवढं बसत नाही म्हणाला. मी म्हटलं, ते आत्ता राहू दे, पुढचं घे.