नायगाव ते भाईंदर

वसई रोड स्टेशनवर आम्ही दोघी भेटलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजत आले होते. ताईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती. त्या पर्समध्ये काय काय असतं ते मला पाठ होतं: पाण्याची बाटली, लिंबाच्या गोळ्या, नवऱ्याचा आणि फॅमिली डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि आतल्या कप्प्यात अल्प्राझोलम या घबराटीवरच्या गोळीची अर्धी स्ट्रिप. दोन वर्षं ताईंनी या सामानाशिवाय उंबरठा ओलांडला नव्हता. आज ते सगळं घरी ठेवून यायचं ठरलं होतं.

"ठेवलं?"

त्यांनी मान हलवली. मग पर्सची चेन उघडून मला आत बघायला लावलं. आत रुमाल, पास आणि घराची किल्ली, एवढंच होतं. स्ट्रिप घरी ठेवायची की नाही हे त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना आधी विचारलं होतं. त्यांनी ती फक्त लागेल तेव्हा घ्यायला दिली होती आणि त्यांची हरकत नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोळ्या आपल्या मनाने सुरू करायच्या नसतात आणि बंदही करायच्या नसतात.

मी सायकॉलॉजिस्ट आहे, गोळ्या लिहून देत नाही. ताईंचं नाव इथे घेत नाही. लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ताई एका पतपेढीत नोकरीला. सतरा वर्षं वसई ते मालाड लोकलने जाणं-येणं, तेही सकाळच्या गर्दीत. दोन वर्षांपूर्वीच्या एका श्रावणी सोमवारी गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर आली आणि सिग्नल न मिळाल्याने उभी राहिली. सासरे आठवडाभर इस्पितळात होते, ताई रात्री त्यांच्याजवळ जागत होत्या. उपास, पोटात फक्त तीन कप चहा, डब्यात श्वास घ्यायला जागा नाही. एकाएकी छाती धडधडायला लागली, ओठांना मुंग्या आल्या, हातपाय गळाले, आणि "आता मी जाणार" असं इतकं स्पष्ट वाटलं की त्यांनी शेजारच्या अनोळखी मुलीचा दंड धरला. भाईंदरला त्या उतरल्या आणि रिक्षाने थेट दवाखान्यात गेल्या.

ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं व्यवस्थित निघालं. या तपासण्या व्हायलाच हव्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. थायरॉइड वाढलं असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांत खरंच गडबड असेल तर तेही असंच दिसतं. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. "तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." जिचा जीव पुलावर जाता जाता राहिला, तिला हे वाक्य सांगून काय मिळतं? काहीतरी झालं होतंच. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि त्यावर उपाय आहे, एवढं त्या दिवशी कुणी बोललं असतं तर ताईंची दोन वर्षं वाचली असती. घरच्यांनी धीर दिला, चुलतसासूबाईंनी दृष्ट काढली. सगळ्यांनी माया केली. पण ताईंनी लोकल सोडली. हायवेने, वर्सोवा पुलावरच्या कोंडीतून, कधी दोन तास तर कधी अडीच तास. मग पुलावर गाडी अडकली की तिथेही तेच होऊ लागलं. नंतर लिफ्ट, लग्नाचे हॉल, बँकेची रांग. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या तीन महिने बिनपगारी रजेवर होत्या.

पहिल्या दोन भेटींत मी फारसं बोलले नाही. तिसऱ्या भेटीत कागदावर एक वर्तुळ काढलं. छातीत धडधड, मग "हार्ट अटॅक आला" हा अर्थ, मग भीती, मग अधिक धडधड. ही मांडणी ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केली. तेव्हापासून पॅनिकवरच्या उपचाराचा मोठा भाग या वर्तुळाभोवती उभा आहे. ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पटतंय मॅडम. पण गाडीत पटणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी माणसापर्यंत पोचवली ती कि. मो. फडके यांनी. त्यामुळे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार भावनेला जन्म देतो, हे आपल्याकडे बऱ्याच वाचकांना माहीत असतं. पण पॅनिकमध्ये विचार खुर्चीत बसून बदलला तर तो खुर्चीपुरताच बदलतो. शरीराला पुरावा दाखवावा लागतो.

म्हणून चौथ्या भेटीत मी त्यांना उभं केलं आणि म्हटलं, आपण दोघी एक मिनिट जोरजोरात, भराभर श्वास घेऊ. त्यांना दमा, फिट्स, हृदयविकार यातलं काही नव्हतं, ते आधी विचारून घेतलं होतं. घड्याळ लावलं. पंचवीस सेकंदांवर त्यांचा चेहरा बदलला. चाळीसला त्या बोटं झटकायला लागल्या. मिनिट संपलं तेव्हा टेबलाची कड धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"हेच! मॅडम, हेच होतं मला गाडीत. ओठ बघा, मुंग्या आल्यात."

माझ्याही ओठांना आल्या होत्या, मी तसं सांगितलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, बोटं आखडतात. श्वास पूर्ववत झाला की काही मिनिटांत सगळं मावळतं. श्वास कमी पडतोय असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तो जास्त घेतला जात असतो. ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग एकदम विचारलं, "म्हणजे हे मी माझं मला आणू शकते?" त्यांना ते पुन्हा करून बघायचं होतं. आम्ही तीनदा केलं.

त्यांची दुसरी भीती बेशुद्ध पडण्याची. आजवर किती अटॅक आले? त्यांनी हिशेब केला, पन्नासेक. बेशुद्ध किती वेळा पडलात? एकदाही नाही. बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम घसरावा लागतो, आणि घाबरल्यावर तो बहुधा वाढतो. रक्त किंवा सुई बघून काही जणांना भोवळ येते, ती गोष्ट वेगळी.

मग आम्ही भीतीच्या चढत्या पायऱ्या केल्या. भीतीला ० ते १०० आकडा द्यायचा, ही पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची. नुसतं प्लॅटफॉर्मवर बसणं ३०. वसई ते नायगाव ५०. नायगाव ते भाईंदर, म्हणजे खाडी, ९०. सकाळच्या गर्दीत खाडी १००.

इथे मी एक चूक केली. सातव्या भेटीत आम्ही वसई ते नायगाव गेलो, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता म्हणून मी तो हातात घेतला आणि म्हणाले, "काही होणार नाही, मी आहे ना." प्रवास छान झाला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या निघाल्या आणि स्टेशनच्या जिन्यावरून परत फिरल्या. "काल तुम्ही होतात ना, म्हणून जमलं." बाटली, गोळ्या, स्ट्रिप यांच्या शेजारी मी स्वतः पर्समध्ये जाऊन बसले होते. त्यांना वाचवणारी आणखी एक वस्तू झाले होते. धीर द्यायला मला आवडतं, बहुधा म्हणूनच मी या कामात आले. पण धीर त्यांना दोन वर्षं सगळेच देत होते.

म्हणून त्या दुपारी गाडीत चढण्यापूर्वी आम्ही ठरवलं, की मी हात धरणार नाही आणि "काही होणार नाही" म्हणणार नाही. फक्त आकडा विचारेन.

लेडीज डब्यात दुपारची गर्दी बेताची होती. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. नायगाव सुटलं. दोन्ही बाजूंना पाणी आलं, ताई म्हणाल्या, "सत्तर." पाणजू बेट मागे पडलं. पुढच्या पुलावर गाडी हळू हळू झाली आणि थांबली.

खरं सांगते, हे मी ठरवलेलं नव्हतं. पंखे फिरत होते, खाली खाडीचं करडं पाणी, आणि डब्यात गाडी थांबल्यावर पडते ती शांतता. ताईंचा उजवा हात पर्सकडे गेला, चेन उघडली, आत बाटली चाचपली. बाटली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या मुलीकडे असंच पाहिलं असणार.

"काही होणार नाही" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. "किती?"

"पंच्याण्णव."

"मन काय म्हणतंय?"

"पडणार मी. आत्ता पडणार."

"कसं तपासायचं ठरलंय?"

डाव्या हाताने त्यांनी खिडकीचा गज धरला होता. गाठी पांढऱ्या पडल्या होत्या. आधी करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळा हात. त्या उठल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत काहीही न धरता उभ्या राहिल्या. कपाळावर घाम, साडीचा पदर मुठीत.

मेथीवाल्या बाईंनी जुडी बाजूला ठेवली. "ताई, बरं नाही का वाटत? पाणी घ्या." बाटलीचं झाकण उघडून त्यांनी ती पुढे केली. आणखी एकीने खिडकीजवळची जागा सोडली. आपल्या बायका अशा वेळी जिवाला जीव देतात. मी मधे पडणार होते, काय बोलावं ते मात्र सुचत नव्हतं. त्याआधी ताईच बोलल्या. आवाज कापत होता.

"नको हो. थोडा वेळ जाऊ दे. आपोआप उतरतं म्हणतात, मला बघायचंय."

बाईंनी बाटली परत घेतली, पण मेथीला हात लावला नाही. त्याही बघत राहिल्या.

नव्वद. नव्वद. पुन्हा पंच्याण्णव. ऐंशी. मधे एकदा ताईंनी डोळे मिटले, मग आपणच उघडले आणि खाली पाण्याकडे पाहिलं. सत्तर. गाडी सात मिनिटं उभी होती. सहाव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "पंचावन्न," आणि लगेच, स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या, "गाडी तर अजून सुटलीच नाही."

याच वाक्यासाठी आम्ही तिथे होतो. आजवर प्रत्येक वेळी त्या उतरल्या होत्या, गोळी घेतली होती, कुणाला तरी फोन केला होता, आणि भीती ओसरल्याचं श्रेय त्या त्या गोष्टीला गेलं होतं. आज पूल तोच, पाणी तेच, पर्स रिकामी, तरी भीती उतरली. आकडा खाली आला नसता तरी ती दुपार फुकट गेली नसती असं मी मानते. पंच्याण्णववर उभं राहूनही माणूस पडत नाही, हा पुरावा तेवढाच मोलाचा.

भाईंदरला उतरलो. ठरल्याप्रमाणे परतीचा प्रवासही दोघींनी करायचा होता. विरारची गाडी लागताना ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मागच्या गाडीने या." आणि पोचल्याचा फोन करायचा नाही, हे त्यांनीच ठरवलं. फोन केला की पुन्हा तेच.

गाडी गेली. मी बाकावर बसले आणि फोन हातात घेतला. पुलावर पुन्हा थांबली असेल का? एकदा विचारायला काय हरकत आहे? नंबर काढला, बोट हिरव्या बटणापर्यंत गेलं. तो फोन मला माझ्यासाठी करायचा होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि मागच्या गाडीची वाट बघत बसले.

पुढे एकूण चौदा भेटी झाल्या. ताई नोकरीवर रुजू झाल्या. पावसात गाड्या रखडतात तेव्हा आजही त्यांची धडधड वाढते, पण त्या मालाडच्या आधी उतरत नाहीत. सगळ्यांना चौदा भेटींत जमतं असं नाही. काहींना सोबत औषध लागतं, काहींना जास्त वेळ. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

खाडीवरच्या त्या दुपारनंतर, गुरुवारी ताई आल्या. आकडे लिहायचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. सोमवार, जाताना ९५, येताना ७०. त्याखाली मंगळवार होता, जो आमच्या ठरावात नव्हता: ६५. त्याखाली बुधवार, सकाळची आठ पाचची गाडी: ८५. आकड्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बसायला जागा मिळाली नाही."